हलत्या पाटावरची बाई

आमचा धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. अठ्ठावीस वर्षं त्याने एकच काम केलं: लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ती हललेली कळू द्यायची नाही. सुटताना झटका नको, थांबताना धक्का नको. दुरुस्ती झाली की तो लिफ्टच्या फरशीवर एक नाणं काठावर उभं करायचा आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन परत यायचा. नाणं आडवं झालं की स्वारी पुन्हा वर, मशीनच्या खोलीत. एकदा एका इमारतीचा वॉचमन वैतागून म्हणाला, "अहो, यातून माणसं जाणार आहेत, नाणी नाहीत." धाकट्याने मुळीच लक्ष दिलं नाही. तक्रारवहीत कोणी ‘झटका बसतो’ असं लिहिलं, तर त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

मी त्याची मोठी बहीण. घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून बसलेली आहे, आता चाळीस वर्षं होतील. मी तिखट बोलते हे आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आमचा दादा मला ‘सुई’ म्हणतो, ते काही नुसत्या शिवणकामामुळे नाही. दादा आम्हां दोघांपेक्षा मोठा. एकतीस वर्षं त्याने शहरातली बस चालवली. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून पुढे तो माझ्याकडेच राहायला आला.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दादाच्या बसमध्ये एक म्हाताऱ्या बाई पडल्या. पुढच्या स्टॉपला उतरायचं म्हणून त्या जरा आधीच उठून पुढच्या दाराशी, दादाच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला अचानक बाहेर आला. दादाने ब्रेक मारला. सायकलवाला वाचला आणि निघूनही गेला. बाई पुढे फेकल्या गेल्या आणि पायरीच्या लोखंडी कडेवर त्यांचं डोकं आपटलं. आठ दिवस दवाखान्यात होत्या. नवव्या दिवशी गेल्या.

चौकशी झाली. दोन महिन्यांनी कागद आला. त्यात लिहिलं होतं की ब्रेक नेहमीसारखाच लागला होता, प्रवासी महिलेने आधाराची दांडी धरली नव्हती, चालकाचा दोष नाही. मी तो कागद अक्षरशः डोळ्यांना लावला. धाकट्याच्या बायकोने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून चहा पाजला. दादा मात्र कोपऱ्यात बसून होता. तो एवढंच म्हणाला, "दांडी धरली होती त्यांनी. मी आरशात पाहिलं होतं. चौकशीतही सांगितलं."

"मग काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"म्हणाले, धरली असती तर एवढ्याशा ब्रेकने पडल्याच नसत्या. पडल्या, म्हणजे धरली नव्हती. तुम्ही घाबरला होतात, तुम्हाला भास झाला असेल."

कंडक्टर तेव्हा मागे तिकिटं देत होता आणि पुढच्या बाकांवर कोणी नव्हतं. म्हणजे दादाचा शब्द आणि तो कागद, एवढंच उरलं. आणि खरं सांगायचं तर आम्हाला कागदच हवा होता.

त्याच सुमारास डोळ्यांची तपासणी झाली आणि दादाला काचबिंदू निघाला. यात नजर कडांकडून आत आत मिटत येते. समोरचं दिसतं, बाजूचं जातं, आणि शेवटी समोरचंही जातं. बस सुटली. पुढच्या दोन वर्षांत उजेडही सुटला. दादा माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून राहायचा, हात मांडीवर. बोलणं नाही की चालणं नाही. मधूनच विचारायचा, "सुई, धरली होती ना गं त्यांनी?" जशी काही मी त्या बसमध्ये होते!

"नव्हती धरली म्हणून लिहिलंय ना कागदावर? मग नव्हती!" मी करवादायचे. "तुझा दोष नाही म्हणतायत तर तुला काय तो ओढून अंगावर घ्यायचाय?"

तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. पण पुढेपुढे त्याचं जेवणही तुटलं. भाकरीचा अर्धा तुकडा ताटात तसाच राहायचा. मी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी हात टेकले. डोळे गेल्याचं दुःख त्याने पचवलं असतं. पण आपण शेवटचं जे नीट पाहिलं तेच खोटं म्हणतायत, आणि ते खरं की खोटं हे आता आपल्याला कधीच कळणार नाही, हे त्याला आतून पोखरत होतं. बाईंच्या हातात दांडी होती की नव्हती, एवढं एकच त्याला हवं होतं.

डेपोमध्ये नव्या ड्रायव्हरांना शिकवायला एक केबिन आहे. तिला सिम्युलेटर म्हणतात. आत बसची सीट आहे, पायाखाली पेडल आहेत, आणि ब्रेक दाबला की ती सगळी केबिनच खाली झुकते, म्हणजे बसलेल्याला वाटतं गाडी थांबली. दादाने निरोप पाठवला की मला त्यात एकदा बसू द्या, माझ्या पायाला सगळं आठवतंय, मी तो ब्रेक जसाच्या तसा मारून दाखवतो. उत्तर आलं, बाहेरच्या माणसाला परवानगी नाही.

"एकतीस वर्षांनी बाहेरचा!" मी ते पत्र चुरगाळून टाकलं.

धाकटा तेव्हा समोर बसला होता. त्याने ते पत्र उचललं, गुडघ्यावर ठेवून सरळ केलं आणि म्हणाला, "मी बनवतो. आधी लहान मॉडेल करू. ते जमलं तर दादा बसेल एवढं मोठं."

मला वाटलं, बोलतोय आपला. पण पुढच्या रविवारी दुपारी तो भंगारातून एक पिशवीभर लोखंड घेऊन आला आणि माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर मांडून बसला. दोन हात लांब आणि हातभर रुंद प्लायवूडचा एक पाट खाली. मधोमध एक जाड सांधा, चारही बाजूंना मान टाकणारा. त्याच्यावर दुसरा पाट. वरच्या पाटाच्या दोन कोपऱ्यांना खालून दोन सळया, आणि त्या सळया वर-खाली ढकलायला गाडीच्या वायपरच्या दोन मोटरी. दोन्ही सळया एकदम खाली गेल्या की पाट पुढे झुकणार. एक वर, एक खाली झाली की कुशीवर कलणार.

"ब्रेक मारल्यावर माणूस पुढे जातो ना," तो मला सांगू लागला, "आता बस काय आपण पळवणार नाही. पण उभ्या माणसाच्या पायाखालचं पुढे झुकवलं की तो तसाच पुढे जातो. जेवढा ब्रेक जोरात, तेवढं झुकवायचं. कळलं?"

"मी काय दुसरीत आहे?" मी म्हटलं. पण कळलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. कितीतरी दिवसांनी दादा स्टुलावरून उठून टेबलापाशी आला होता आणि एकेक वस्तू हातात घेऊन चाचपत होता.

पायासाठी पेडल हवं होतं. धाकट्याने काही न विचारता माझ्या विजेवरच्या मशीनचं पेडल काढून जोडलं. माझी शिवणं अडली. मी रागाने काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून रविवारी दुपारी पेडल त्यांचं आणि सोमवारी सकाळी माझं, असं ठरलं.

बाहुली माझ्याकडे आली. वीतभर उंच, चिंध्या आणि वाळू भरलेली, म्हाताऱ्या बाईच्या बेताची. दादाने सगळं नीट सांगितलं: बाई बारीक होत्या, डाव्या हातात भरलेली पिशवी, उजवा हात दांडीवर. पाटावर मी विणायची एक जाड सुई उभी ठोकून घेतली. ती दांडी. हाताने दांडी धरायची कशी, हा प्रश्न होता. मी डोकं चालवलं. बाहुलीच्या तळव्याला टिचबटणाची एक बाजू शिवली, दुसरी बाजू सुईला गुंडाळलेल्या पट्टीवर. बटण टिचलं की हात दांडीला. ओढ बसली की बटण सुटणार.

आता माझी चोरी सांगते, कारण ती मी केली आहे. माझ्याकडे दोन प्रकारची टिचबटणं असतात, झबल्याची बारीक आणि कोटाची जाड. मी कोटाचं लावलं. चुकून नाही, विचार करून. बाहुली पडू नये असं मला वाटत होतं. ती दांडी धरूनही पडली नाही, तर चौकशीचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि दादा एकदाचा सुटणार होता.

पहिल्यांदा पाट चालवला तो दिवस मला लख्ख आठवतो. धाकटा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आला होता. दादा खुर्चीत बसला, डावा तळवा वरच्या पाटावर ठेवला, उजवा पाय पेडलवर. "दाब," धाकटा म्हणाला. दादाने पाय मारला, एकदम, ड्रायव्हर मारतो तसा. पाट पुढे गेला. इतका सुरेख, इतका अलगद गेला की मी मनातल्या मनात वाहवा केली. बाहुली जागची हलली नाही.

दादा म्हणाला, "चालू झालं का?"

"झालं की! खाली गेलासुद्धा."

"कधी?"

मला हसू फुटलं. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. दादाने पुन्हा दोनदा पेडल मारलं, मान हलवली आणि म्हणाला, "ही बस नाही रे. ही तुझी लिफ्ट आहे."

झालं होतं असं की मोटरीच्या आधी धाकट्याने लिफ्टमध्ये बसवतात तसलं सर्किट घातलं होतं. पायाने काहीही करा, मोटर हळू सुटणार, हळू थांबणार. कोणी सांगितलं नव्हतं, त्याने ठरवलंही नव्हतं. मोटर जोडायची म्हणजे ते घालायचंच, एवढंच त्याच्या हाताला माहीत.

"काढून टाक ते," दादा म्हणाला.

"काढलं तर मोटरीचे दात तुटतील."

"तुटू देत."

पुढचे चार रविवार हेच. दर वेळी धाकटा सांगायचा, काढलं. दर वेळी दादा तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, अजून थोडं आहे. आणि असायचं! तो निम्मं काढायचा, पाव काढायचा, पण शेवटचं थोडंसं ठेवायचा. चौथ्या रविवारी दादा आत पडायला गेल्यावर धाकटा माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसला. "ताई," तो म्हणाला, "मी लबाडी करत नाही गं. मी काढायला बसतो आणि माझ्याच्याने होत नाही. झटका बनवायचा म्हणजे काय, ते मला जमतच नाही." त्याचे डोळे भरले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पिकलेले. मी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, बाजूला ठेवला आणि चहा टाकायला उठले. मला त्याला ओरडवेना. त्याची ती चूक होती, पण माझ्यासारखी ठरवून केलेली नव्हती.

पाचव्या रविवारी त्याने ते सर्किट माझ्या डोळ्यांदेखत कापून काढलं आणि वायर सरळ जोडली. दादाने पाय मारला. पाट असा काही खाली आदळला की टेबलावरची कात्री उडाली. एका मोटरीचा दात तुटला, वास सुटला, धाकट्याने कपाळाला हात लावला. आणि दादा हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "आता बस आली," तो म्हणाला.

धाकट्याने लिफ्टच्या दाराच्या दोन जुन्या मोटरी आणून बसवल्या. त्या दणकट. त्या दिवशी पाट बससारखा वाटला, पण बाहुली काही पडेना. दादा विचारात पडला. त्याने हात पुढे करून बाहुली चाचपली. पिशवी, खांदा, हात, आणि शेवटी तळवा. त्याच्या बोटांनी ते बटण दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"सुई, हे कोटाचं बटण आहे."

मी टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागले.

"त्या बाईंचा हात एवढा घट्ट नव्हता गं," तो म्हणाला. रागावला असता तर मी भांडले असते. तो रागावला नाही.

मग धाकट्याने तोड काढली. म्हणाला, अंदाजाने कशाला, मोजूच. त्या बाई साधारण माझ्याएवढ्या, वयानेही आणि अंगानेही. त्याने मला खिडकीच्या उभ्या गजाशी उभं केलं. डाव्या हातात तीन किलो वजनाची पिशवी, उजव्या हाताने गज धरलेला. कमरेला जाड पट्टा बांधला, पट्ट्याला ताणकाटा अडकवला, आणि तो स्वतः काटा धरून मागे उभा राहिला. "धर घट्ट," म्हणाला आणि एकदम ओढलं.

मी दातओठ खाऊन धरलं होतं. आयुष्यात कधी काही धरलं नसेल इतकं घट्ट धरलं होतं, दादासाठी. तरी हात सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. सहा वेळा केलं. माझ्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा काटा गेला की माझी बोटं उघडत होती आणि त्यावर माझा काही इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी खांदा असा भरून आला की एक शिवण सरळ गेली नाही. धाकट्याने बाहुलीचं वजन केलं, त्याचा तिसरा हिस्सा काढला, आणि तेवढ्या ओढीला सुटेल असं बटण मी माझ्या डब्यातून शोधलं. झबल्याचं निघालं. मी ते निमूटपणे शिवलं.

पुढच्या रविवारी दुपारचे तीन वाजले होते. मी मशीन झाकून ठेवलं, दार लावून घेतलं. दादाने चप्पल काढली, पाय पेडलवर ठेवला, तळवा पाटावर. आणि तो बोलायला लागला. "सिग्नल सुटला. गाडी दुसऱ्यात. आता तिसऱ्यात. डावीकडे शाळेची भिंत. भिंत संपली. आरशात पाहतोय, बाई उठल्यात, आल्या, दांडी धरली. उजव्या हाताने. मी पुढे पाहिलं." मग त्याचा आवाज एकदम वर गेला, "सायकल!" आणि पाय बसला.

पाट झुकला. बटण टिच करून सुटलं. बाहुली पिशवीसकट तोंडावर पडली.

दादाने मान वळवली, एकदा माझ्याकडे, एकदा धाकट्याकडे. "काय झालं? पडली का?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"पडली," मी म्हटलं.

"धरलेली असताना?"

"हो दादा. धरलेली असताना."

त्याने दहा वेळा केलं. दर वेळी तीच भिंत, तोच आरसा, तोच ब्रेक. नऊ वेळा पडली. मग तो म्हणाला, "आता समजा, सायकल मला गल्लीच्या तोंडाशीच दिसली. जशी दिसायला पाहिजे तशी." आणि त्याने पाय आधी ठेवला, हलका ठेवला, दाबत दाबत नेला. पाट झुकला, बाहुली पुढे लवली, बटण ताणलं गेलं आणि टिकलं. हेही दहा वेळा केलं. एकदाही पडली नाही.

दादाने पाय पेडलवरून काढून घेतला.

"पाटावर वाळूची बाहुली पडली म्हणून काय होतं?" मी घाईघाईने म्हटलं. "कोणी विचारणार नाही याला."

"मी विचारतोय ना," तो म्हणाला. मग त्याने आम्हाला ते सांगितलं, जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या अपघाताच्या आधी चार महिने त्याला डावीकडचं कमी दिसायला लागलं होतं. डेपोच्या फाटकाला डावा आरसा दोनदा घासला होता. तपासणीची तारीख आली तेव्हा ताप आल्याचं सांगून त्याने ती पुढे ढकलली होती, कारण बस जाईल अशी भीती वाटली. "मला दिसत नव्हतं," तो म्हणाला, "आणि मला ते माहीत होतं."

मला त्याचा राग आला. भयंकर राग आला. हा आमचा दादा, ज्याच्या नाकासमोर चालण्याचे दाखले आम्ही लोकांना देत होतो! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. परत आले तेव्हा धाकटा दादाच्या पायाशी बसून पेडलची वायर सोडवत होता आणि दादा म्हणत होता, "त्यांच्या घरी जायचंय मला. पत्ता कागदावर आहे."

"कशाला?" मी कडाडले. "केस करतील. पेन्शन जाईल. चार लोकांत अब्रू काढतील!"

"करू देत. कागदावर त्या बाईंच्या नावावर खोटी चूक लागलीय, सुई."

"तू काहीतरी बोल रे," मी धाकट्याला म्हटलं. तो आयुष्यभर सगळ्यांची भांडणं मिटवत आलेला, कोणाला लागेल असं बोलायचं नाही ही त्याची रीत. तो वायर गुंडाळत म्हणाला, "ताई, जाऊ दे त्याला. आपण दोघंही जाऊ."

मोठा सिम्युलेटर मग केलाच नाही. दादा म्हणाला, गरज नाही.

आठवड्याने आम्ही तिघं गेलो. दुसरा मजला, लिफ्ट नव्हती. दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढला. दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. गेलेल्या बाईंची ती मुलगी. दादाने आपण कोण ते सांगितलं, तसा तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"माफी मागायला आलात का?"

"नाही," दादा म्हणाला. "सांगायला आलोय. मी ब्रेक उशिरा मारला. मला डावीकडचं दिसत नव्हतं. ते मला आधीपासून माहीत होतं आणि मी लपवलं. आणि तुमच्या आईने दांडी धरलेली होती. मी स्वतः पाहिलं होतं. त्यांची चूक नव्हती."

तिने दार बंद केलं नाही. ती तशीच उभी राहिली, एक हात कडीवर. मग तिने आत वळून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "हे बाबांना सांगा."

आत पलंगाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलगी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, ते ड्रायव्हर आलेत." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तीन वर्षं हे आईवर चिडलेत. रोज म्हणतात, जन्मभर सांगितलं, धरून उभी राहत जा, ऐकलं नाही तिने."

दादाने सगळं पुन्हा सांगितलं. डोळ्यांचं, तपासणी चुकवल्याचं, ब्रेकचं. काही गाळलं नाही. म्हातारे ऐकत होते, नजर जमिनीवर. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दोन्ही हातांनी धरलं होतं?"

"एका हाताने. उजव्या. डाव्या हातात पिशवी होती."

"हो," ते म्हणाले. "पिशवी ती खाली ठेवायची नाही. कितीही जड असली तरी." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुम्हाला माफ करणं माझ्याच्याने व्हायचं नाही. ते मागू नका."

"नाही मागत," दादा म्हणाला.

"पण बसा. आणि ते तेवढं परत सांगा. ती उठली तिथपासून."

धाकट्याने खुर्ची ओढून दिली. दादा बसला आणि सांगू लागला, "शाळेची भिंत संपली. मी आरशात पाहिलं. त्या उठल्या, पुढे आल्या, आणि त्यांनी दांडी धरली."